रात्रीचा साक्षीदार : प्रस्तावना

ज्या शहराचा व्यवहार सूर्यास्ताबरोबर आटोपत नाही, त्याला आपल्या मालमत्तेच्या राखणीचा विचार इतरांहून अधिक बारकाईने करावा लागतो, आणि सोलापूर हे निःसंशय अशा शहरांपैकी एक आहे. १८७७ साली सुरू झालेल्या आणि पुढे सर्वांच्या तोंडी ‘जुनी गिरणी’ म्हणून रूढ झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या भोंग्याने या गावाचा दिवस घड्याळाला बांधला. विजेचे दिवे आल्यावर रात्रीही पाळ्यांत वाटल्या गेल्या. आणि पुढे मोठ्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या, तरी पूर्व भागातील यंत्रमाग, अक्कलकोट रस्त्यावरील आणि चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींतील कारखाने, चाटी गल्लीतील कापडाच्या पेढ्या, बिडीच्या वखारी आणि हिवाळ्यात मार्केट यार्डासमोर रात्रभर येऊन लागणाऱ्या कांद्याच्या गाड्या यांनी ती जाग मोडू दिली नाही. सुताच्या गाठी, विणून घडी घातलेला माल, मोटारी, तांब्याच्या तारा, हिशेबाची दप्तरे आणि क्वचित रोकड एवढे सारे एका दारावर, एका कुलपावर आणि बहुधा एका वयस्क पहारेकऱ्यावर सोपवून कारखानदार घरी जातो. अलीकडे या तिहींच्या जोडीला चौथा आला आहे, तो म्हणजे छपराच्या वळचणीला बसवलेला कॅमेरा. कमी उजेडात चित्र टिपण्याचे त्याचे सामर्थ्य किती, मर्यादा कोणत्या, आणि त्याच्यावर किती भार टाकावा, हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे. संपादकांनी तिला चार शब्द जोडण्याची आज्ञा केली. विषय असा निघाला की चार शब्दांत त्याला न्याय देता येईना.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॅमेरा बसवला म्हणजे पहारा बसला, अशी समजूत व्यापारी वर्गात दृढ आहे आणि विक्रेते ती आनंदाने वाढवतात. पहारेकरी हाक मारतो, आडवा येतो, शेजाऱ्यांना उठवतो. कॅमेरा यांतले काहीच करीत नाही. तो पाहतो आणि पाहिलेले जपून ठेवतो, म्हणजे त्याचे खरे पद साक्षीदाराचे आहे. आपल्या मुलखात ही दोन्ही कामे एकेकाळी एकाच माणसाकडे होती. पेशवाईच्या अस्तानंतर, १८१९ साली इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने या प्रांताविषयी जो अहवाल सिद्ध केला, त्यात गावच्या जागल्याचे वर्णन आहे: रात्री गस्त घालणे हे त्याचे काम होतेच, परंतु चोरी झाल्यावर पावलांचा माग काढीत शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत जाणे आणि तो माग तेथल्या जागल्याच्या हवाली करणे हेही त्याच्याच शिरावर होते, माग ज्या गावच्या हद्दीत शिरला त्या गावाने पुढची जबाबदारी उचलावी, असा रिवाज होता. धुळीत उमटलेले पाऊल स्पष्ट असेल तरच हा सारा बंदोबस्त टिकत असे. पाऊल अस्पष्ट असले, तर जबाबदारी कोणाच्या शिवेत जाऊन पडेल याचा नेम नव्हता. कॅमेऱ्याच्या साक्षीची गतीही तीच आहे, आणि रात्रीच्या कॅमेऱ्याची तर विशेषच.

कारण अंधारात कॅमेऱ्याला जे हवे असते ते यंत्राच्या खोक्यावर छापलेल्या कोणत्याही विशेषणात नसते. ते प्रकाशात असते. प्रकाशाचे मोजमाप लक्स या एककात करतात. सोलापूरच्या वैशाखातील दुपारी अंगणात सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. चांगल्या उजळलेल्या कचेरीत तीनशे ते पाचशे. पौर्णिमेच्या चांदण्यात एका लक्सचा चौथा हिस्साही क्वचितच भरतो. आणि अमावास्येच्या निरभ्र रात्री, नुसत्या ताऱ्यांखाली, हजारावा हिस्सा. दुपार आणि अमावास्या यांतील हे अंतर दहा कोटींच्या पटीचे आहे, आणि त्याच एका भिंगाने व त्याच एका नखाएवढ्या संवेदकाने दोन्ही वेळी काम करावे अशी आपली अपेक्षा असते. मनुष्याच्या डोळ्यालाही अंधाराशी पुरते जुळवून घेण्यास अर्धा तास लागतो आणि तेव्हाही त्याला रंग दिसत नाहीत, हे ध्यानी घेतले म्हणजे या अपेक्षेचे ओझे कळेल.

संवेदकावर लक्षावधी चित्रबिंदूंची जाळी असते आणि प्रत्येक बिंदू आपल्या वाट्याचा प्रकाश गोळा करीत असतो. पावसाच्या पागोळीखाली परात ठेवली तर जेवढे पाणी साचते तेवढे त्याच जागी मांडलेल्या एकेका वाटीत साचत नाही, त्याप्रमाणे बिंदूचा आकार लहान झाला की त्याच्या पदरी प्रकाश थोडा पडतो. म्हणून एकाच आकाराच्या संवेदकावर दोनऐवजी आठ मेगापिक्सेल दाटून बसवलेला कॅमेरा दिवसा अधिक रेखीव आणि रात्री अधिक आंधळा ठरू शकतो. भिंगाचे तोंड किती रुंद, हा दुसरा प्रश्न: एफ २.० क्रमांकाच्या भिंगाच्या तुलनेत एफ १.० क्रमांकाचे भिंग चौपट प्रकाश आत घेते, मात्र त्याबरोबर स्पष्टतेची खोली कमी होते, आणि फाटकाजवळचा माणूस रेखीव दिसू लागला तर मागची भिंत पुसट होते. तिसरा उपाय म्हणजे झडप अधिक काळ उघडी ठेवणे, आणि येथेच सर्वांत मोठी फसगत होते. खोक्यावर ०.००१ लक्स असा आकडा छापलेला असतो, परंतु तो किती क्षण झडप उघडी ठेवून आणि संकेत किती फुगवून मिळवला, याचा उल्लेख बहुधा नसतो. साध्या चालीचा माणूस सेकंदाला सुमारे एक मीटर चाळीस सेंटिमीटर पुढे जातो. झडप सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतकी उघडी राहिली, तर तेवढ्यात तो साडेपाच सेंटिमीटरांहून थोडा अधिक सरकतो. चौथ्या भागाइतकी राहिली तर पस्तीस. पस्तीस सेंटिमीटर सरकलेल्या माणसाच्या चित्रात भिंत, कुलूप, पत्र्याचा रंग, उभी मोटारसायकल असे जे जे स्थिर ते सारे लख्ख असते, आणि माणसाच्या जागी धुराचा पट्टा असतो. दुकानात दाखवलेले नमुन्याचे चित्र उजळ दिसते ते यामुळेच. त्यात कोणी चालत नसते.

अवरक्त किरणांचा मार्ग निराळा आहे. बहुतेक कॅमेरे रात्र पडताच आतील गाळणी बाजूला सारतात आणि ८५० नॅनोमीटरच्या, मानवी दृष्टीपलीकडच्या किरणांनी आपल्यापुढील जागा उजळवतात. जवळून पाहिले तर दिव्यांच्या ठिपक्यांत फिकट तांबूस झाक दिसते, आणि तीही नको असेल तर ९४० नॅनोमीटरचे दिवे मिळतात, पण त्यांचा पल्ला तोकडा. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो, हा नियम येथेही चुकत नाही. तीस मीटरचा पल्ला सांगणारा दिवा त्या टोकाला चेहरा दाखवील असे मानू नये, तेथे काहीतरी हलले एवढेच तो दाखवील. परंतु सोलापूरकरांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट रंगाची आहे. कापसावर चढवलेले कित्येक काळे आणि गडद रंग अवरक्त किरणांना शोषून घेत नाहीत, परत फेकतात. परिणामी दिवसा काळाभोर दिसणारा सदरा रात्रीच्या चित्रात राखाडी, कधी कधी चक्क पांढरट उमटतो, आणि त्याच्या शेजारचा दुसऱ्या रंगद्रव्याचा तसाच काळा सदरा काळाच राहतो. रंगाऱ्यांच्या या गावात ही गोष्ट एखाद्या जाणत्या रंगाऱ्यास समजावून द्यावी लागू नये. परंतु फिर्यादीत ‘पांढरा शर्ट घातलेला इसम’ असे शब्द रात्रीच्या चित्रावरून लिहिले जातात आणि त्यांवरून पांढऱ्या शर्टाचा शोध सुरू होतो.

याखेरीज आपल्या हवेचे आणि आपल्या धंद्याचे काही उपद्रव आहेत. संवेदक तापला की प्रकाश नसतानाही त्यात विजेचा गोंगाट उत्पन्न होतो, आणि तापमान सहा-आठ अंशांनी वाढले की तो सुमारे दुपटीने वाढतो. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांच्या घरात तापलेल्या पत्र्याखाली टांगलेला कॅमेरा मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. त्याच्या चित्रावर बारीक मुंग्यांसारखे ठिपके खवळत राहतात. शिवाय यंत्राला प्रत्येक ठिपका ही हालचाल वाटते, त्यामुळे साठवणीची जागा लवकर भरते, आणि तीस दिवस राहील म्हणून सांगितलेले चित्रण त्याआधीच पुसले जाते. मागाच्या कारखान्यातील कापसाचे तंतू भिंगावर बसतात. तेही झटकता येतील. पण त्या अवरक्त दिव्यांपाशी कीटक येतात, कीटकांमागोमाग कोळी येतो, आणि भिंगापुढे बोटभर अंतरावर विणलेला एकच धागा त्या किरणांत असा झळकतो की सारे आवार पांढऱ्या झगमगाटाआड जाते. हजारो रुपयांचे यंत्र आणि त्यासमोर एक जाळे, हे दृश्य या शहरात कोणत्याही रस्त्याला वर पाहिले तर आढळेल. दर पंधरवड्याला शिडीवर चढून मऊ फडक्याने भिंग पुसण्याचे काम कोणाच्या नावे लावले आहे, हा प्रश्न मालकाने कॅमेऱ्याची किंमत विचारण्याआधी स्वतःस विचारावा.

संपादकांनी प्रकाशावरील प्रकरण यंत्रांवरील प्रकरणाच्या आधी घातले आहे, त्याचे मला मनापासून समाधान वाटते. फाटकावर एक साधा पांढरा एलईडी दिवा, माणसाच्या डोक्याच्या थोडा वर आणि बाजूला, अशा बेताने की प्रकाश चेहऱ्यावर पडावा आणि थेट भिंगात शिरू नये, हा माझ्या मते महागड्या कॅमेऱ्याहून श्रेष्ठ उपाय आहे. त्याने रंग खरे राहतात, झडप वेगाने चालवता येते, आणि पहारेकऱ्याच्या डोळ्यांनाही साह्य होते. मोजमापाविषयीही एक आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते प्रत्येक कारखानदाराने पाठ करावे इतके सोपे आहे: अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटण्यासाठी चित्रात दर मीटरला २५० बिंदू लागतात, ओळखीचा माणूस ओळखण्यास १२५, आणि कोणीतरी आहे एवढे कळण्यास २५. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० बिंदू असतात. तो तीस मीटर रुंदीच्या आवारावर रोखला तर मीटरला चौसष्ट बिंदू वाट्यास येतात, म्हणजे कोणी आले होते एवढेच सिद्ध होते. तोच बारा फुटी फाटकावर रोखला तर सव्वापाचशे येतात आणि चेहरा हाती लागतो. सारे आवार एका नजरेत पाहण्याची हौस सोडून, ज्या वाटेने प्रत्येकाला जावेच लागते तीच अरुंद वाट धरावी. गाड्यांच्या पाट्यांसाठी मात्र वेगळा कॅमेरा आणि फार जलद झडप लागते, एरवी परावर्तक पाटी रात्री पांढरीफटक उमटते आणि समोरचे दिवे चालकाचा चेहरा गिळून टाकतात.

आता ज्या कारणासाठी मी ही प्रस्तावना लिहिण्यास तयार झालो, त्याकडे वळतो. अस्पष्ट चित्र हे चित्र नसण्यापेक्षा अधिक घातक असते. चित्र नसेल तर तपास करणारा चौकशी करतो, जाबजबाब घेतो, मुद्देमालाचा शोध घेतो. परंतु पडद्यावर एक धूसर आकृती हलताना दिसली की प्रत्येक पाहणारा त्या आकृतीला आपल्या मनातला चेहरा देतो, आणि मनातला चेहरा बहुधा कालच कामावर घेतलेल्या बिगाऱ्याचा, हिशेब मागून भांडलेल्या कामगाराचा, किंवा कुंपणापलीकडच्या वस्तीतल्या पोराचा असतो. सोलापुरात हा धोका काल्पनिक समजण्यास जागा नाही. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इंग्रज सरकारने ज्या वसाहती उभारल्या, त्यांपैकी एक मोठी वसाहत याच शहरात होती. तारेच्या कुंपणाआड कैकाडी, पारधी आणि अशा अनेक समाजांची कुटुंबे ठेवलेली असत. गिरण्यांना कामकरी हात हवे होते आणि सरकारला ती माणसे नजरेखाली हवी होती. दिवसा मागावर राबावे आणि ठरल्या वेळी हजेरी द्यावी, असा त्यांचा क्रम होता. कोणता गुन्हा केला, हे त्यांना विचारले जात नव्हते. कोणाच्या पोटी जन्मला, एवढ्यावर निवाडा झालेला असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, कुंपण गेले, आणि आज सेटलमेंट फ्री कॉलनी या नावात तेवढी ती आठवण उरली आहे. पण त्या कुंपणामागील विचारपद्धती कायद्याच्या पुस्तकातून जितकी सहज निघाली तितकी ती पेढीवरच्या बोलण्यातून निघालेली नाही. चोरी झाली की प्रथम कोणती वस्ती आठवते, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासून पाहावे. म्हणून फाटकावर पुरेसा प्रकाश असणे हा मालकाच्या हिताचा प्रश्न आहेच, शिवाय जो त्या रात्री तेथे नव्हताच अशा माणसाच्या अब्रूचाही प्रश्न आहे. स्पष्ट चित्र एकाला पकडून देते आणि दहांना सोडवते.

याच न्यायाने कॅमेरा कोठे लावू नये, हेही ठरते. कापड वाहून नेण्याची वाट, गोदामाचे दार, तिजोरीची खोली यांवर लावावा. मागावर उभ्या असलेल्या कामगाराच्या हातांवर बारा-बारा तास भिंग रोखून ठेवू नये, विश्रांतीच्या आणि कपडे बदलण्याच्या जागेकडे तर ते चुकूनही वळू नये, जेथे बायका काम करतात तेथे असे वळणे गुन्हाच होईल. ज्यांचे चित्रण होते त्यांना ते होत आहे हे ठाऊक असावे, यासाठी फाटकावर मराठीत आणि, पूर्व भागात तरी, तेलुगूतही फलक असावा.

साक्ष न्यायालयापर्यंत कशी पोहोचते, हा विषय पुस्तिकेत सविस्तर आला आहे. मी एकाच निवाड्याकडे लक्ष वेधतो, कारण तो आपल्याच राज्यातला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीत कॅमेरे लावलेले होते, आणि उमेदवारी अर्ज तीन वाजण्यापूर्वी दाखल झाला की नंतर, हा वाद त्या चित्रणावर येऊन ठेपला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला: मूळ यंत्रच न्यायालयापुढे हजर केले नसेल आणि चित्रणाची नक्कल दाखल करावयाची असेल, तर तीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पुराव्याच्या जुन्या कायद्यातील कलम ६५ ब चे हे म्हणणे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आले असून प्रमाणपत्राचा नमुना आता परिशिष्टातच दिला आहे. त्यात चित्रणाचे हॅश मूल्य नोंदवावे लागते, जेणेकरून पुढे एक बिंदू जरी बदलला तरी फेरफार उघड व्हावा. व्यवहारात याचा अर्थ असा की चोरी झाल्यावर भाच्याने मोबाइलवर पडद्याचे चित्रण करून घेतले आणि ते गावभर पाठवले, याला साक्ष म्हणत नाहीत. मूळ साठवण यंत्र शाबूत ठेवावे, त्यातील घड्याळ बरोबर आहे की दहा मिनिटे मागे आहे याची पंचनाम्यात नोंद करून घ्यावी, आणि प्रमाणपत्रावर कोण सही करणार हे आधीच ठरवून ठेवावे.

इंटरनेटच्या जाळ्यावरून येणाऱ्या धोक्याविषयी थोडक्यात एवढेच की कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. आपल्या सरकारने एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांची सुरक्षा-तपासणी सक्तीची केली आहे, तेव्हा खरेदी करताना त्या नोंदणीची खातरजमा करावी आणि पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

शेवटी एका गोष्टीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली, त्यांत एक तान्हे मूल होते. कापड आणि सूत साठवणाऱ्या गावात रात्रीचा सर्वांत मोठा वैरी चोर नसून अग्नी आहे, आणि कमी उजेडाच्या कॅमेऱ्याचे त्यापुढे फारसे काही चालत नाही: धूर दाटला की त्याच्या स्वतःच्याच अवरक्त दिव्यांचा प्रकाश धुरावरून परत येतो आणि पडदा पांढरा होतो. उष्णता टिपणारे थर्मल कॅमेरे धुरापलीकडचे पाहू शकतात, पण त्यांची किंमत लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेर आहे, आणि त्यांत चेहरा ओळखू येत नाही. धूर जाणणारी यंत्रे मात्र स्वस्त आहेत. ज्या रकमेत चार कॅमेरे येतात त्यातील एका कॅमेऱ्याची रक्कम धूरसूचकांकडे वळवावी, आणि माणसे आत झोपत असतील तर चोराच्या भयाने लावलेले प्रत्येक कुलूप आतून, किल्लीवाचून, अंधारात चाचपडत उघडते की नाही हे एकदा स्वतः करून पाहावे, असा माझा आग्रह आहे. पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर स्वतंत्र प्रकरण घालण्याचे संपादकांनी मान्य केले आहे.

तोवर वाचकाने एक चाचणी करावी. अमावास्येच्या जवळची रात्र निवडावी, आपल्याच कारखान्यातील एका माणसाला, तो कोण हे चित्र पाहणाऱ्यांना न कळवता, डोक्यावर टोपी घालून नेहमीच्या चालीने फाटकातून आत जावयास सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी ते चित्रण जुन्या कामगारांपैकी चौघांना वेगवेगळे दाखवून तो कोण हे कागदावर लिहून घ्यावे. चौघांनी चार नावे लिहिली, तर नवा कॅमेरा घेण्यापूर्वी या पुस्तिकेचे दुसरे प्रकरण वाचून दिव्याची जागा बदलावी, आणि चाचणी पुन्हा घ्यावी.